कानटोपी घातलेला कोहळा

रिचमंड हिलला आमच्या कॉन्डोमागच्या पार्कात ते चिनी आजोबा रोज सकाळी स्ट्रोलर ढकलत यायचे. साचलेला बर्फ आला की पुढची चाकं अलगद उचलायचे आणि आत डोकावून काहीतरी पुटपुटायचे. एकदा बाळ बघायला म्हणून मीही वाकले. आत दुपट्यात गुंडाळलेला, कानटोपी घातलेला भलामोठा कोहळा होता!

"आत्ताच झोपलाय," आजोबा कुजबुजले. मग मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये त्यांनी सांगितलं, की नातवंड सांभाळायचं म्हणून ते वेळेआधीच रिटायर होऊन इकडे आले. आल्यावर सून म्हणाली, "तुम्हाला झेपतंय का ते आधी बघू, मग मुलाचं ठरवू."

महिन्याभराने स्ट्रोलरमध्ये दोन कोहळे दिसले. आजोबा त्या थंडीतही घामाघूम झाले होते.

"सुनेनं परीक्षा अवघड केली," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. आजोबांनी दोन्ही कानटोप्या नीट केल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुझी आई कधी रिटायर होणार?"

माझं हसणं तिथंच थांबलं. आदल्याच रविवारी नागपूरला फोन करून मी आईला हेच विचारलं होतं. वर "सहजच विचारलं गं," असंही म्हणाले होते.