प्लॅस्टिकखालची स्ट्रॉबेरी

आज सकाळी माझ्या बागेत फळं तोडताना कामाला येणाऱ्या इंदूबाईंच्या हाती एक नासकी स्ट्रॉबेरी आली. तिच्यावर राखाडी बुरशी होती. त्यांनी वाफ्यावरच्या काळ्या प्लॅस्टिकची कड उचलली, ते नासकं फळ आत सरकवलं आणि त्याच बोटांनी पुढचं चांगलं फळ तोडलं. माझं डोकंच फिरलं. नासकं फळ वेगळ्या बादलीत टाकायचं, बागेबाहेर नेऊन पुरायचं, हे मी घसा कोरडा करून सांगत आलोय.

"अहो, तिथं काय सारताय?" मी ओरडलो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्हीच म्हणाला न्हवं, पावणं बाग बघायला यायच्या आत वाफं चकचकीत दिसू द्या म्हणून?"

म्हणालो होतो खरा. घरीही आम्ही तेच करतो. बेल वाजली की पसारा पलंगाखाली ढकलायचा, अर्धं भांडण गिळायचं आणि हसत दार उघडायचं. दिसलं नाही म्हणजे झाली स्वच्छता! बुरशीला तरी दुसरं काय हवं असतं? थोडी ओल, थोडा अंधार आणि न बघणारी माणसं.

मी तणतणत प्लॅस्टिक उचकटलं. खाली नासक्या फळांचा थरच होता. हात लागताच राखाडी भुकटी उडाली. बुरशी हटत नाही म्हणून महिनाभर मी दवाला शिव्या घालत होतो, औषधवाल्याला घालत होतो.

तेवढ्यात फाटकाशी पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. इंदूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत माझ्या पायानं प्लॅस्टिकची कड खाली दाबली होती.