धन्याचं अर्धं पुस्तक

"अगं, उलटी धरली की पोथी!" पाटलाचा थोरला म्हणला आन् सगळी ओसरी हसली. बाप्ये हसले. दाराआडच्या बाया बी हसल्या. माझ्या हातात पोथीचं सुटं पान, आन् पानावरली अक्षरं खाली डोकं वर पाय.

पोथीचं पान खालून वर पलटायचं असतंय, हे मला काय म्हाईत? मी उभ्या जन्मात एकच पुस्तक हातात धरलेलं. शिवलेलं, छापील. त्याचं पान बाजूला पलटायचं. तसंच हे पलटलं. पयली बाजू मी वाचलीती. अडखळत का व्हईना, वाचलीती. ते कुणी ध्यानातच घेतलं न्हाई.

आमी धनगर. तलवाड्याच्या अलीकडं वस्ती. आमच्या मोगलाईत साळा म्हंजी उर्दूची, ती बी मोठ्यांच्या पोरांला. माझा धनी मेंढरं घेऊन नगरकडं, इंग्रजी मुलखात जायचा. तिथं एका मास्तराच्या रानात मेंढरं बसवली, लेंडीखतासाठी. त्याच्या बदल्यात धान्य घ्यायचं सोडून ह्या बाबानं अक्षरं घेतली! वस्ती म्हणली, येडा झाला. येताना एक घोंगडी देऊन पुस्तक आणलं. मग मला बी शिकवलं, मेंढरामागं, मातीत काठीनं रेघा ओढून. माझं डोकं म्हंजी दगड. पण त्यो कसला हटतोय.

पुस्तकात एका बाईची गोष्ट व्हती. सासरच्यांनी हाकलून दिलेली बाई नदीच्या काठानं चालत चालत एका गावाच्या वेशीपाशी येती. तिथवर धन्यानं वाचून दावलं. मी म्हणले, वाच की पुढं, तिला आत घेतेत का न्हाई? त्यो म्हणला, उद्या. पानात खुणेला काळ्या लोकरीचा धागा घातला. त्या रातीच ताप भरला. गावात साथ व्हती. गेला. पुढं ते पान उघडायचा मला धीरच झाला न्हाई.

श्रावणात पाटलाच्या ओसरीवर पोथी चालायची. वाचून झालं की एक रीत व्हती. ज्यानं आपल्या घरी बी पोथी लावलीय, त्यानं उभं ऱ्हाऊन सांगायचं, काय वाचतोय आन् कावून वाचतोय. कुणी म्हणायचं, लेकीची कूस उजवावी म्हून. कुणी म्हणायचं, भावकीचा दावा जिंकावा म्हून. पोथी वाचणारे बुवा दरसाल बजावायचे, लावलेली पोथी अर्धी सोडू नये. वाचणारा गेला तर घरच्यानं पुरी करावी, न्हाईतर गेलेल्याचा जीव त्या पानात अडकून ऱ्हातो. खांबाआड बसून मी हे ऐकलं आन् धन्यानं धागा घातलेलं पान डोळ्याम्होरं आलं.

आता पोथी येगळी आन् पुस्तक येगळं, हे मला कुणी सांगितलंच न्हवतं. मला वाटलं, वाचायचं ते सारखंच. दुसऱ्या दिशी पुस्तक पदराखाली घेऊन गेले. समद्यांचं सांगून झाल्यावर उठले.

"मी बी वाचणार हाय," मी म्हणले. "धन्याचं अर्धं ऱ्हायलंय म्हून."

"ही वाचणार? मेंढरांम्होरं का?" थोरला म्हणला. पाटलानं मिशीत हसून पोथीतलं एक पान मला द्यायला लावलं. बुवा नगं नगं करत व्हते, पण पाटलाला गंमत बघायची व्हती. ती झाली गंमत.

हसणं थांबल्यावर पाटील म्हणला, "वाचता येत न्हाई आन् इंग्रजी मुलखातलं पुस्तक बाळगती? तिकडली पुस्तकं सरकारला चालत न्हाईत. हे तहसिलीत दाखवाया लागंल." आन् पुस्तक हातातून वढलं. वढताना धागा खाली पडला. मी बुवांकडं बघितलं. म्हणले, "बुवा, तुमीच म्हणला ना, अर्धं सोडू नये?"

"ते पोथीचं. ही रिकामी गोष्ट. असल्यात कुणाचा जीव अडकत न्हाई."

म्हंजी आमचा जीव बी रिकामाच. मी धागा उचलला आन् घरी आले.

दीर वरडला, "इज्जत घालवलीस! रानं त्यांची, मेंढरं कुठं चारू, तुझ्या डोक्यावर?" त्याचं बी खरंच व्हतं. मी पाटलाच्या पाया पडून आले. "तहसिलीत पाठवलं," एवढंच पाटील म्हणला. पुढं एकदा लोकर द्यायला गेलते, तवा आतल्या भिंतीच्या दिवळीत पुस्तक दिसलं. वर तंबाखूचा डबा ठिवलेला. हात लावला असता तर चोर ठरले असते. लोकर दिली आन् परतले. रस्ताभर रडले. लई रडले. दुसरं काय करणार व्हते?

पुन्ना श्रावण आला. समद्यांचं सांगून झालं. मी खांबाआडून बाहीर आले.

"पाटील, माझं पुस्तक तुमच्याच दिवळीत हाय, तंबाखूच्या डब्याखाली. तहसिलीत गेलंच न्हाई. अर्धं ऱ्हायलंय. द्या."

ह्या टायमाला कुणी हसलं न्हाई. पाटील म्हणला, "बस खाली." मी बसले न्हाई. आरती हुईस्तोवर उभी ऱ्हायले. पुस्तक न्हाईच दिलं. वरून त्यांचं रान आमाला बंद झालं. मेंढरं लांब न्यावी लागतेत. दीर माझ्याशी बोलत न्हाई. मागल्या साली थोरल्यानं पायरीवरच अडवलं, तर मी पायरीवरून सांगितलं.

बाया म्हणतेत, सोड गं बाई, एका पुस्तकापायी कावून जीव जाळती? न्हाई सोडत. यंदा बी जाणार. पायरीवरून हाकललं तर रस्त्यावर उभी ऱ्हाईन, आन् समद्यांचं सांगून झालं की मी बी सांगीन, काय वाचते आन् कावून. धागा माझ्याकडं हाय. बाई अजून वेशीतच उभी हाय. तिला आत घेतलं का न्हाई, ते वाचल्याबिगर मी मरायची न्हाई.