रेषेवरची गावदेवी

परशुराम पंच म्हणून उभा राहिला की मैदान चिडीचूप होई. ठाण्याच्या जकातनाक्यावरचा साधा कारकून. पण गळ्यात शिट्टी अडकवली की रंग चढवून विंगेत उभ्या राहिलेल्या नटासारखा त्याचा चेहराच पालटे. पोरांच्या सामन्यातही तो तसूभर सूट देत नसे. "पोरं म्हणून सोडलं तर खेळ शिकणार कधी?" हे त्याच्या बायकोला, शेवंतीला, ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

त्रेपन्न सालच्या माघात डोंबिवलीला कुमारांचा अंतिम सामना होता. गावोगावच्या हुतूतूची आता कबड्डी झाली होती, नवे नियम छापून आले होते. एकीकडे ठाण्याच्या एका शाळेची पोरं, दुसरीकडे कोपरीच्या मिठागरावरची आगरी पोरं. कडेला एका गिरणीचा अधिकारी खुर्ची टाकून बसला होता. जिंकणाऱ्या संघातला सर्वांत चांगला गडी त्याला गिरणीच्या संघात घ्यायचा होता, म्हणजे त्या पोराला गिरणीत काम मिळणार होतं.

सामन्याआधी कोपरीच्या काळुरामची आई, आवडाबाई, परशुरामापुढे येऊन उभी राहिली. नवरा गेलेला. मिठाच्या पाण्यानं पाय पार सोलवटलेले.

"भाऊ, माजा पोऱ्या चांगला खेलतो. माज्यासारखे त्याचे पाय सडाया नको. जरा संभालून घ्या."

"बाई, मी कोणाला सांभाळत नाही आणि कोणाला बुडवतही नाही."

"तेवरा जरी केला तरी पुरं."

खेळ सुरू झाला. कोपरीची एक रीत होती. चढाईला निघताना मातीला हात लावायचा, मांडीवर थाप मारायची आणि रेषेवर पाऊल टाकताना "गावदेवी!" अशी आरोळी ठोकायची. दम धरायचा तो त्यानंतर. नांदीवाचून खेळ सुरू करायचा तरी कसा? गावात कधी कोणी हरकत घेतली नव्हती. नवा नियम मात्र म्हणत होता, रेष ओलांडण्याआधी 'कबड्डी' सुरू झालीच पाहिजे. नाहीतर चढाई फुकट, पाळी समोरच्याची.

पहिल्याच चढाईला शिट्टी वाजली. "दम उशिरा! परत फिर!"

"पंच, देवीचा नाव घेतला फकस्त!" काळुराम कळवळला.

"ते मनात घे. तोंडानं कबड्डी."

"अरे, देवीलाच पाठव रे चढाईला!" शाळेची पोरं खिदळली.

मग काळुराम ओठ आवळून खेळला. एकेक गडी टिपत त्यानं कोपरीला बरोबरीला आणलं. कोपरीची शेवटची चढाई त्याची होती, तिच्यानंतर एकच, शाळेची. सगळं मैदान उभं राहिलं. आवडाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. पोरानं मातीला हात लावला, मांडीवर थाप मारली, झेपावला आणि रेषेवर त्याच्या तोंडून निघून गेलं, "गावदेवी!"

शिट्टी परशुरामाच्या ओठांत होती, फुंकर निघेना. समोर शाळेच्या पोरांनी हरकत घेत हात वर केले होते. त्यानं डोळे मिटले आणि शिट्टी फुंकली.

शाळेच्या गड्यानं आपल्या पाळीत एकाला टिपलं. सामना संपला.

आवडाबाई भांडली नाही, रडलीही नाही. "ह्यो नियम आमाला कोनी सांगला, भाऊ?"

"छापून आलाय."

"आमच्यान वाचता कोनाला येतंय?"

परशुराम तसाच त्या खुर्चीकडे धावला. आयुष्यात कोणापुढे न जोडलेले हात त्यानं जोडले. "साहेब, पोरगा तुम्ही पाहिलात. हरलेल्या संघातला असला तरी घ्या. एवढा एक अपवाद करा."

अधिकारी धोतराचा सोगा सावरत उठला. "पंच, आत्ता तुम्ही केलात का?"

रात्रभर परशुरामाला झोप लागली नाही. सकाळी नाक्यावर न जाता तो कोपरीला गेला. मिठागराच्या बांधावरून काळुराम डोक्यावर मिठाची पाटी घेऊन येत होता. परशुराम त्याच्या मागे मागे चालू लागला.

"काळुराम, मी शिकवीन. रोज संध्याकाळी येईन. सगळे नियम तोंडपाठ करून घेईन. पुढल्या वर्षी तुला कोणी अडवणार नाही."

पोरानं पाटी ढिगावर उपडी केली, डोळ्यांत गेलेलं खारं पाणी मनगटानं पुसलं.

"पुढल्या वर्षी माजं वय बसंल का, पंच? कुमारांत?"

परशुरामाला तोही नियम पाठ होता.