वाक्य संपल्यावर

औषधांच्या दुकानात आज दुकानदार एका म्हाताऱ्या गृहस्थांना म्हणाला, "ती गोळी आता येत नाही, आजोबा. कंपनीनेच बंद केली." ते "बरं" म्हणाले. दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, पण आजोबा काउंटरवर हात ठेवून तसेच उभे राहिले. त्यांचं बोलणं संपलं होतं, चेहऱ्यावरचं संपलं नव्हतं.

आमच्या सरांनी कॅमेरा इथेच चालू ठेवला असता. देशभर नावाजलेले दिग्दर्शक, पण नटाचं वाक्य संपलं तरी कट म्हणायचे नाहीत. नट अवघडायचा, इकडेतिकडे बघायचा, आणि मग कधीतरी त्याच्या तोंडावर ते यायचं ज्यासाठी सर थांबलेले असायचे.

मी त्यांची संकलक. शेवटच्या चित्रपटाच्या वेळी ते अंथरुणाला खिळलेले होते आणि निर्मात्याला लांबी कमी हवी होती. मी नेमक्या त्या थांबलेल्या जागा कापल्या. गोष्ट कुठेच बिघडली नाही. चित्रपट पाहून सर एवढंच म्हणाले, "यातली माणसं फार लवकर निघून जातात गं."

त्यानंतर एकदाच भेटले त्यांना, हॉस्पिटलात. "बरं, ये आता," ते म्हणाले. "येते सर," म्हणून मी लगेच दाराकडे वळले.

आज ते आजोबा रस्ता ओलांडून दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिले. आता सगळ्यांकडेच अशी बघत राहते. त्या दिवशी माझ्या पाठीमागे सरांचा चेहरा कसा झाला होता, ते मात्र मला माहीत नाही.