तळेगावचा हॉल्ट

कारगिलच्या आदल्या वर्षी, जानेवारीत, आमच्या युनिटची मोटारसायकल मोहीम जबलपूरहून अहमदनगरला निघाली. आठ बुलेट आणि मागे रेडिओ सेट लावलेली जिप्सी, तिच्यात आमचे कॅप्टनसाहेब. सिव्हिलियन लोकांना ही सरकारी खर्चाची सहल वाटते. त्यांनी एकदा दिवसभर ट्रकांच्या धुरात गाडी चालवून पाहावी, मग बोलू.

मी हवालदार, कॉलममध्ये सर्वांत पुढे. फिटर गुरमेल सर्वांत मागे. कोणाची गाडी बंद पडली की फिटर तिच्याजवळ थांबायचा आणि बाकीचे पुढे जायचे. फौजेतला हा जुना नियम.

नागपूरच्या मुक्कामात नाईक प्रल्हाद वानखेडेनं आम्हाला भंडावून सोडलं. दुसऱ्या दिवशीचा जेवणाचा हॉल्ट त्याच्याच घरी होता, तळेगावला. वडील फौजेतून निवृत्त झालेले डिस्पॅच रायडर. उभी नोकरी मोटारसायकलवरून टपाल पोचवण्यात गेलेली. हायवेवर लांबचा गाडीवाला दिसला की ओळख असो नसो, जेवल्याशिवाय सोडत नसत.

"मायच्या हातचे रोडगे खा," प्रल्हाद म्हणाला, "मंग सांगजा, मेसमध्ये आजवर काय खाल्लं ते."

सकाळी कारंज्याच्या अलीकडे संत्र्यांनी भरलेला ट्रक मागे न पाहता शेतातून रिव्हर्समध्ये रस्त्यावर आला. पुढचे आम्ही निघून गेलो होतो. प्रल्हाद चाकाखाली गेला. दवाखान्याच्या दारापर्यंत तो शुद्धीत होता आणि ओरडत होता. दारातच संपला.

कॅप्टनसाहेबांनी रेडिओवर कळवलं. युनिटकडून उत्तर आलं, "घरवालों को अफसर जाकर बताएगा. और कोई नहीं. ओव्हर."

मी साहेबांना म्हणालो, "सर, बाप हायवेवर उभा असेल."

"तो रुको. खाना खाओ. बोलना गाड़ी खराब है, पीछे आ रहा है. फिर निकलो."

"सर."

साहेब जिप्सीसह प्रल्हादजवळ थांबले. आम्ही सात जण निघालो. गुरमेलही आमच्याबरोबर निघाला आणि त्यात काही चुकतंय हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तळेगावच्या फाट्यावर म्हातारा आपल्या जुन्या राजदूत मोटारसायकलवर बसून होता. सोबत गावातले दोन गाडीवाले, हातात हार.

"आमचा कुठं राह्यला?"

"गाडी बंद पडली, बाबा. मागून येतोय."

हॉर्न वाजवत त्यांनी आम्हाला घरी नेलं. अंगणात पंगत तयार होती. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. माय प्रत्येकाच्या ताटात तूप वाढत होती. "लाजू नका बाप्पा. माह्या पोराचे भाऊच तुमी."

आमच्या ताटातलं सरत नव्हतं. तिला वाटलं, भाजी तिखट झाली. तिनं आणखी तूप वाढलं.

म्हातारा भाजी वाढत गुरमेलपाशी आला. त्याच्या बुलेटला बांधलेल्या हत्यारांच्या पिशव्या त्यानं पाहिल्या.

"फिटर तुमीच ना?"

गुरमेलनं मान हलवली.

"मंग त्याच्या गाडीपाशी कोण थांबलं?"

गुरमेलचा हात ताटातच थांबला. म्हाताऱ्यानं गुरमेलला भाजी वाढली, भांडं खाली ठेवलं आणि बायकोकडे गेला.

"तू जेऊन घे."

"पोरगा उपाशी अन् मी जेऊ?"

"आत्ता जेव."

"काऊन घाई करून राह्यले?"

त्यानं ताट वाढलं, तिला खाली बसवलं, रोडगा कुस्करला आणि सगळ्यांसमोर तिला घास भरवू लागला. ती लाजली. गाडीवाले हसले, "काय काका, या वयात लाड!" म्हातारा भरवत राहिला. "अजून एक. हा खाय." आधी मला त्याचा राग आला. मग समजलं. साहेबांची जिप्सी बातमी घेऊन आली की ही बाई कित्येक दिवस अन्नाला शिवणार नव्हती. ताट रिकामं होईपर्यंत त्यानं तिला उठू दिलं नाही.

गाड्यांपाशी तो माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "त्रास झाला का त्याले?"

मला हुकूम होता. तरी बोललो. "नाही, बाबा. लगेच गेला."

"निघा आता. गाडी येईन तवा तिच्या नजरेसमोर राहू नोका."

आम्ही किक मारल्या. आरशात माय दिसली. हात धुऊन ती फाटकात आली होती आणि कारंज्याच्या बाजूला पाहत होती.

नाईक प्रल्हाद वानखेडे लढाईत पडला नाही, म्हणून युनिटच्या स्मारकावर त्याचं नाव नाही. नंतर अनेकदा त्या रस्त्यानं गेलो. त्याच्या मायसमोर उभं राहायची माझी छाती अजून झालेली नाही.