नदीकाठच्या घरातलं लोणी
काल लोणी कढवताना त्या वासाने नदीकाठचं ते घर आठवलं. इथे परदेशात शंभराहून जास्त वर्षांचं एक घर दुरुस्त करून लोकांना बघायला उघडलं होतं. मुलगा मला आणि नातीला गाडीने घेऊन गेला होता. स्वयंपाकघरात जुन्या काळचा पायघोळ झगा घातलेली एक गोरी बाई लोकांना दाखवायला उंच लाकडी भांड्यात साय घुसळत होती. खिडकीतून नदीचा गार वारा येत होता आणि लोणी काही निघत नव्हतं. साय गारठलीय, थोडं कोमट पाणी घातलं की लगेच निघेल, हे मला कळत होतं. माझी सात वर्षांची नात सगळ्यांसमोर म्हणाली, “माय आजी कॅन डू इट.” बाईने हसून घुसळायचा दांडा माझ्यापुढे धरला. लोक बघायला लागले. मी हात कोटाच्या खिशात घातले आणि “नो, नो” म्हणत मुलाच्या मागे सरकले. नात रडवेली झाली. गाडीत तिने मराठीत विचारलं, “आजी, तुला येतं ना?” मी म्हटलं, “येतं गं. लाज वाटली.” “मग मी खोटी झाले,” ती म्हणाली. आता ती कॉलेजात जाते, माझ्या हातचं तूप आवडीने खाते. पण आपल्या आजीला काय येतं, हे तिने पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही.