कॉम्प्युटरच्या पोटातला लाल दाणा

मंडळी, आज मी जमिनीवर नाहीये, तरंगतेय.

स्वतः जोडलेला नवा कॉम्प्युटर सकाळी नुसता बीप करत होता. बाबा बोटीवर असतात. आईला आज त्यांना मोठ्या स्क्रीनवर बघायचं होतं. रॅमची, म्हणजे मेमरीची, एकच पट्टी लावली की मशीन चालायचं, दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचेत, कुठलीही रॅम लावली की बंद. टॉर्च मारला, तर त्या स्लॉटमध्ये कुंकवाचा तांदूळ! झाकण लावायच्या आधीच आईने मशीनची पूजा केली होती.

दाणा चिमट्याने अलगद काढला. मशीन सुरू झालं.

"टाकू नको गो तो," आई म्हणाली.

संध्याकाळी स्क्रीनभर बाबा, मागे हलणारा समुद्र. मी दाणा दाखवला. त्यांनी हसत पाकीट उघडलं. आत तसेच लाल दाणे, निघताना आईने दिलेले.

मग मी माझी कॉलेजची बॅग उलटी केली. तळाशी दोन सापडले.

तुम्हीही बघा हां.